फ्लॉक्स आणि इतर भानगडी

"कोपऱ्यावरच्यांकडे आज पुन्हा मातीची पोती उतरली. दहा तरी असतील. पाहिलंस का?"

काकूंच्या गप्पा अशाच सुरू होतात. नमस्कार-चमत्कार नाही, हवापाणी नाही. त्यांच्या आणि आमच्या यार्डांमध्ये तीन आडव्या लाकडांचं कुंपण आहे. त्याच्या वरून हरणं जातात आणि मधून बातम्या. मध्य न्यू जर्सीतल्या या वसाहतीत मराठी घरं बरीच आहेत, पण गणपती आणि कोजागिरी सोडली तर माणसं दिसतात ती गॅरेजचं दार वर-खाली होताना. बाकी सगळं कुंपणावरच कळतं.

"पाहिली," मी म्हटलं. "टॉप सॉइल आहे म्हणे. रॉक गार्डन करताहेत ना ते?"

"रॉक गार्डन!" काकूंनी हातातली कात्री आडव्या लाकडावर ठेवली. याचा अर्थ विषय लांबणार. "अति तिथं माती म्हणतात ते हेच. रॉक गार्डनला माती कमी लागते गं, जास्त नाही. गेल्या वर्षी काय झालं माहितीये ना त्यांचं?"

मला माहीत होतं, पण काकूंच्या तोंडून ऐकण्यात मजा आहे, म्हणून मी माहीत नसल्याचा चेहरा केला.

"लँडस्केपर बोलावला. त्याने ट्रकभर गोल गोटे ओतले. त्यांवर पांढरे धोंडे टोक वर करून उभे केले. मग नर्सरीतून ऑब्रिएशियाची रोपं आणली, जांभळी-जांभळी, फुललेली. मे महिन्यात काय दिसत होतं! त्यांच्या मित्रांनी फोटो काढले. आणि रोज पहाटे स्प्रिंकलर. ऑगस्टमध्ये सगळी तपकिरी. मला म्हणतात, 'वहिनी, ही डोंगरातली झाडं इथल्या थंडीला टिकत नाहीत हो.' मी म्हटलं, भाऊजी, ऑगस्टमध्ये कसली थंडी?"

खरं तर त्या रोपांचा जीव थंडीने जातच नाही. तुर्कस्तान, ग्रीसकडच्या डोंगरउतारांवर राहणारी ती. इंग्लंडात दगडी भिंतींवरून ती अशी ओसंडतात की खालची भिंत दिसू नये. पण न्यू जर्सीचा जुलै म्हणजे दमट, घामट. रात्रीसुद्धा हवा हलत नाही. त्यात खाली चिकट माती, वर लाकडाच्या भुशाचं जाड मल्च आणि पहाटेची आंघोळ. काकूंचं म्हणणं असं की या वसाहतीत जेवढी रोपं मरतात ती सगळी लाडाने मरतात. उपाशी ठेवून मेलेलं एकही त्यांच्या पाहण्यात नाही.

"पावसाचाच हिशेब बघ ना," त्या म्हणाल्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, त्यामुळे पावसाचा हिशेब त्यांच्या बोलण्यात कुठूनही येतो. "आपल्याकडे चार महिने कोसळतो नि जातो. मग जमीन वाळते, तापते, भेगाळते. इथे वर्षाला 45 इंचांच्या आसपास पडतो, पण बाराही महिने सारखा वाटून. जमिनीला वाळायला फुरसतच नाही. जानेवारीत तर फार वाईट. वर बर्फ वितळतो, खाली जमीन गोठलेली. पाणी जाणार कुठे? रोपाच्या मानेशी बसतं. ती मान कुजली की संपलं."

मान म्हणजे जिथे मूळ संपतं आणि देठ सुरू होतं ती जागा. काकूंची सगळी बागवानी त्या बोटभर जागेभोवती फिरते. ती कोरडी राहिली पाहिजे, बाकीचं रोप आपलं आपण बघतं.

एव्हाना मी कुंपणाशी चांगली रेलले होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा, आणि काकूंचा दक्षिणेकडचा उतार ऐन भरात. पांढरा कँडीटफ्ट, वरच्या दगडांमधून पिवळा ऑरिनिया, आणि या सगळ्यांच्या मध्ये, वर, खाली, फ्लॉक्स. गुलाबी, फिकट निळा 'एमराल्ड ब्लू', आणि तो पट्ट्यापट्ट्यांचा 'कँडी स्ट्राइप', जो काकूंना आवडत नाही पण काकांनी आणला म्हणून ठेवलाय. धावती गाडी इथे हळू होते. सकाळी फिरायला निघालेली अमेरिकन जोडपी थांबून 'ब्यूटिफुल' म्हणून जातात. काकू 'थँक यू' म्हणतात आणि ती वळली की मला सांगतात, "यांच्याच देशाचं झाड आहे, यांनाच ठाऊक नाही."

ते खरं आहे. फ्लॉक्स सुब्युलाटा हा इथलाच, अमेरिकेच्या पूर्व भागातल्या खडकाळ, रेताड जमिनीतला. फिलाडेल्फियाला श्युलकिल नदीच्या काठी जॉन बार्ट्रम नावाचा एक शेतकरी होता. शिक्षण बेताचं, पण वनस्पतींचं वेड जबर. तो जंगलं तुडवायचा आणि लंडनच्या पीटर कॉलिन्सन या कापडाच्या व्यापाऱ्याला बिया-रोपांच्या पेट्या जहाजाने पाठवायचा. 1745 साली त्याने या फ्लॉक्सचा एक गड्डा पाठवला आणि तिथून तो इंग्लंडभर झाला. बार्ट्रमची बाग अजून आहे, इथून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी.

"आणि मग दीडेकशे वर्षांनी तो फॅरर काय म्हणाला ठाऊक आहे?" काकूंनी विचारलं.

फॅरर म्हणजे रेजिनाल्ड फॅरर. यॉर्कशरमधल्या क्लॅपहॅम गावचा. 1880 साली जन्मला, उभ्या आयुष्यात डोंगर आणि डोंगरातली झाडं यांशिवाय फारसं काही केलं नाही, आणि 1920 साली ब्रह्मदेशाच्या डोंगरात रोपं गोळा करतानाच वारला. चाळिशी कशीबशी गाठली. काकू त्याच्याबद्दल अशा बोलतात की नवख्या माणसाला वाटावं, हा यांचा मावसभाऊ. फॅररचं म्हणणं होतं की हा फ्लॉक्स ज्या दिवशी इंग्लंडात आला तो दिवस बागवाल्यांनी सण म्हणून पाळावा.

"त्याने 1907 साली एक पुस्तक लिहिलं, 'माय रॉक गार्डन'. त्यात लोकांच्या रॉक गार्डनांची अशी काही खिल्ली उडवलीये! तीन प्रकार सांगतो. एक बदामाचं पुडिंग. म्हणजे मातीचा गोल ढीग आणि त्यात दगड टोकं वर करून खोचलेले. दुसरं कुत्र्याचं थडगं. ढीग तोच, दगड आडवे. आणि तिसरी सैतानाची ओटी. गाड्या भरभरून धोंडे आणायचे, सैतानाने ओटी झाडावी तसे कुठेही टाकायचे आणि मधे मधे रोपं लावायची."

"कोपऱ्यावरचं कुठल्या प्रकारातलं?"

काकूंनी मान वळवून कोपऱ्याकडे नीट पाहिलं. परीक्षकाच्या गांभीर्याने. "खाली ओटी, वर बदाम," त्या म्हणाल्या.

याच फॅररबद्दल असंही सांगतात की घराजवळच्या कड्यावर हात पोचेना, म्हणून त्याने बंदुकीत बिया भरून कड्यावर बार काढला होता. मी म्हटलं, काकू, तुम्ही हे करू नका, इथे पोलीस येतील. त्या म्हणाल्या, पोलिसांचं नंतर, आधी एचओएचं पत्र येईल.

एचओए म्हणजे आमच्या वसाहतीचं घरमालक मंडळ. गवत किती उंच, टपालपेटी कुठल्या रंगाची, कुंपण कसलं, सगळं ते ठरवणार. काकूंच्या दगडांवरही एकदा आक्षेप आला होता, 'बांधकाम साहित्य उघड्यावर पडले आहे' म्हणून. त्याचं कारण मला विचाराल तर त्या दगडांचं उत्तम कामच. ते लावल्यासारखे दिसत नाहीत. निम्मा दगड जमिनीत, निम्मा वर. सगळे एकाच बाजूला कललेले, आणि कल उताराच्या आत, म्हणजे दगडावर पडलेलं पाणी पुढे ओघळून न जाता मागे मुळांकडे जातं. खाली एकच मोठा खडक असावा आणि त्याची टोकं तेवढी जमिनीबाहेर आली असावीत, असं वाटतं. मंडळाच्या माणसाला वाटलं, कोणीतरी काम अर्धवट सोडून गेलंय.

दगडही बघण्यासारखे आहेत. आमच्या भागातली माती लालसर, चिकण, खाली लाल शेल. तो शेल हाताने मोडतो, दोन हिवाळ्यांत त्याची पानं पानं सुटतात. काकूंनी मुद्दाम वॉचंग डोंगराकडच्या खाणीतून काळा दगड आणला. खाणवाले त्याला 'ट्रॅप रॉक' म्हणतात. म्हणजे बेसॉल्टच. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, हा 20 कोटींचा. ट्रक आला त्या दिवशी काकू दगडावर हात फिरवून म्हणाल्या होत्या, "अगं, हा तर आपल्या अजिंक्यताऱ्याचा." काकांनी ट्रकवाल्याला पैसे दिले आणि आत जाऊन बसले.

"तुला बघायचंच असेल ना, तर फार हिल्सला चल एकदा," काकू म्हणाल्या. "बक गार्डन. लिओनार्ड बक म्हणून एक खाणींचा इंजिनिअर होता. 1930 नंतरच्या दशकात त्याने झेनॉन श्रायबरला हाताशी धरून ती बाग केली. दगड आणून रचले नाहीत गं त्यांनी. होते तेच माती काढून मोकळे केले. हिमयुगाच्या शेवटी तिथे मोठं सरोवर साचलं होतं, त्याचं पाणी फुटून गेलं ते त्या घळीतून, त्यानेच ते काळे कडे कोरले. बकने फक्त झाकण काढलं. आता काउंटीची बाग आहे. मेच्या सुरुवातीला जायचं. कोपऱ्यावरच्यांनाही न्यायला हवं खरं तर."

"न्या ना."

"मी कशाला नेऊ? परवा मी म्हटलं, भाऊजी, मातीऐवजी खडी घाला. तर मला म्हणतात, वहिनी, खडीत काय उगवणार?"

इथे काकूंचा आवाज चढला. कारण हा त्यांचा खरा विषय. त्यांच्या उतारावर वरच्या हातभर थरात माती जेमतेम तिसरा हिस्सा आहे. बाकी जाड वाळू आणि बारीक खडी. वाळूही नदीची, भरड. मुलांच्या खेळण्याची बारीक वाळू चिकणमातीत मिसळली तर वीट तयार होते, बाग नाही. आणि खडी कुठली, तर कोंबड्यांची. शेतीमालाच्या दुकानात कोंबड्यांना पचनासाठी ग्रॅनाइटची चुरी मिळते, अगदी एकसारख्या टोकदार दाण्यांची. इथले जुने रॉक गार्डनवाले तीच वापरतात. काकू पहिल्यांदा गेल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, किती कोंबड्या? काकू म्हणाल्या, एकही नाही. त्याने पुढे काही विचारलं नाही. फक्त पोतं उचलताना नीट वाचायचं, शिंपल्याची चुरीही तशीच मिळते आणि ती म्हणजे चुना.

हीच ग्रॅनाइटची चुरी रोपाच्या मानेभोवती पेरभर जाड पसरायची. पाऊस पडला की दाणे पाणी खाली सोडतात, पानं मातीला टेकत नाहीत, मान कोरडी. खालचं मूळ मात्र गारव्यात. फेब्रुवारीत जमीन गोठते-वितळते तेव्हा लहान रोपं उचलली जातात, मुळं हवेत लोंबतात. काकू त्या दिवसांत स्वेटर घालून, कानटोपी ओढून रोज सकाळी एक फेरी मारतात आणि वर आलेली रोपं अंगठ्याने परत दाबतात. खत नाही. पाणी फक्त पहिल्या उन्हाळ्यात. फुलं संपली की कात्रीने तिसरा हिस्सा छाटायचा, निष्ठुरपणे, नाहीतर फ्लॉक्स मधोमध टक्कल पाडून घेतो.

"इकडे ये, आत हात घाल," काकू म्हणाल्या आणि मी कुंपणाच्या मधल्या लाकडाखालून वाकून हात पुढे केला. फ्लॉक्सची पानं सुयांसारखी बोचरी, वरून गच्च, बोट शिरायला जागा नाही. काकूंनी दोन्ही हातांनी थोडं फाकवून दाखवलं. आत हिरवं काहीच नव्हतं. बारीक काटक्या, त्यांवर जुनी वाळकी पानं तशीच चिकटून, कुजून भुगा झालेली, आणि त्या भुग्यात ओल. आठवडाभर पाऊस नव्हता, वरची चुरी खडखडीत होती, आणि आत ओल. कचरा म्हणून आपण झाडून टाकू ते त्या झाडाने साठवून ठेवलेलं.

"फ्लॉक्स हा काही पक्का गादीवाला, म्हणजे उशीसारखा गोल गच्च वाढणारा, नव्हे," काकूंनी हात झटकले. "हा पसरतो. खरे ते उंचावरचे. सगळ्या फांद्या एका मापाने वाढतात, एकही डोकं वर काढत नाही. वारा वरून घसरून जातो. ऊन पडलं की आतली ऊब बाहेर पडत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा दहा-दहा अंश जास्त भरते, मोजलंय लोकांनी."

आणि मग काकूंच्या भावाने लडाखहून व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो निघाला, जो वसाहतीतल्या प्रत्येकाने किमान एकदा पाहिलेला आहे. उजाड खिंड, करडे दगड, आणि त्यांत एक हिरवा गोल धोंडा. भावाने खाली लिहिलं होतं, 'शेवाळ चढलेला दगड.' काकूंनी कळवलं, दगड नव्हे तो, अख्खं झाड आहे, थायलॅकोस्पर्मम. दगडाइतकं कडक लागतं, पण म्हणून वर बसून फोटो काढू नकोस. भावाने तोवर काढला होता.

1921 साली एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेतला डॉक्टर वॉलस्टन याने 6,180 मीटरवर अशीच एक गादी शोधली, अरेनारिया ब्रायोफिला. तिथे आपल्याला श्वास घेववत नाही. आणि त्याच कुळातली भावंडं आपण आणतो, पोत्यातल्या सकस मातीत लावतो आणि म्हणतो, टिकत नाहीत.

नेमकं तेवढ्यात कोपऱ्यावरचे स्वतः कुत्र्याला घेऊन रस्त्याने आले. काकूंचा चेहरा क्षणात सणासुदीचा झाला.

"काय भाऊजी, कामाला लागलात?"

"हो वहिनी. या वेळी माती उत्तम आणलीये. ऑरगॅनिक. तुमच्यासारखं करायचंय. हे निळं कुठलं?"

"फ्लॉक्स. इथलाच आहे, टिकेल तुमच्याकडे. जूनमध्ये छाटेन तेव्हा काड्या देते. पण ते स्प्रिंकलरचं तेवढं..."

"त्याचा टायमर बदललाय," ते समाधानाने म्हणाले. "आता दोनदा लागतो."

ते गेले. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही, जे आमच्या बाबतीत दुर्मीळ आहे.

"काड्या द्यायच्या का मग?" मी विचारलं.

"द्यायला तर हव्यात. त्यांच्या ड्राइव्हवेच्या कडेला लावा म्हणून सांगेन. तिथे स्प्रिंकलर पोचत नाही, मल्च नाही, नुसती खडी. हिवाळ्यात रस्त्याचं मीठ येतं, पण त्यासाठी आर्मेरिया देईन पुढच्या रांगेला. समुद्रकाठचं झाड ते, मिठाला दाद देत नाही. जिथे त्यांचं लक्ष नाही तिथेच जगेल."

हा सल्ला मला एकदम पटला. त्या घराचा ड्राइव्हवे म्हणजे वसाहतीतली सर्वोत्तम रॉक गार्डनची जागा आहे, हे त्या घराच्या मालकाला सांगण्याची हिंमत मात्र कोणात नाही.

पुढे विषय हरणांवर गेला, कारण एप्रिल संपताना इथे तो जातोच. कोपऱ्यावरच्यांचे होस्टा हरणांनी बुडख्यापर्यंत खाल्ले, पलीकडच्या गल्लीत ट्युलिपची फुलं तेवढी वेचून खाल्ली. काकूंच्या उताराकडे मात्र ती फिरकत नाहीत. खालच्या कडेला जमिनीसरपट थाइम लावलाय. काकूंनी त्याची चिमूट खुडून माझ्या तळहातावर चुरडली. थेट ओव्याचा वास. दोन्हींत थायमॉल तेच. "हरणाला हा वास नको असतो. माझ्या सासूबाईंनाही नको असायचा," काकू म्हणाल्या, आणि सासूबाईंचं प्रकरण सुरू झालं, ते इथे देत नाही.

त्यातून बाहेर पडल्यावर मी विचारलं, "आणि ते वरच्या खाचेतलं? त्याला फुलं कधी येणार?"

वरच्या दोन दगडांच्या फटीत नाण्याएवढी एक हिरवी टिकली आहे. सिलीन अकॉलिस. रॉकी पर्वतात ट्रेल रिज रोडवर, झाडी संपते त्याच्याही वर, जुलैच्या सुमारास या सिलीनच्या गाद्या गुलाबी फुलांनी झाकून जातात. दक्षिणेकडच्या अंगाला आधी फुलं येतात, म्हणून वाट चुकलेल्याला दिशाही कळते म्हणे. कित्येक गाद्या शंभर-शंभर वर्षांच्या. काकूंनी ती इथे बियांपासून केली. नॉर्थ अमेरिकन रॉक गार्डन सोसायटी, 1934 पासूनची जुनी संस्था, हिवाळ्यात सभासदांना बिया वाटते. त्या पेरून कुंडी घरात उबेला नाही ठेवायची, भर बर्फात बाहेर ठेवायची. थंडी खाल्ल्याशिवाय त्या बिया उघडत नाहीत. काकांनी ती कुंडी एकदा दयेने आत आणली होती. तेव्हापासून काकांना त्या बाजूला जायला मनाई आहे.

"येतील फुलं," काकू म्हणाल्या. "इथला उन्हाळा तिला सोसत नाही, मला माहितीये. म्हणून उत्तरेच्या फटीत ठेवलीये, दुपारी दगडाची सावली पडते. वाढत नाही, मरतही नाही. मी कुठे घाईत आहे?"

"काकू, ती न्यू जर्सीत फुलत नाही असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मी नाव सांगितलं नाही, कारण म्हणणारे काकाच होते. काकूंनी तरी ओळखलं. मग त्या वाकून दगडांमधला डायँथस दाखवायला लागल्या. 'फायरविच'. 2006 साली इथल्या बागवाल्यांच्या संघटनेने वर्षाचं रोप म्हणून निवडलेला. निळसर राखी पानं, आणि मेमध्ये भडक गुलाबी फुलं, लवंगेच्या वासाची. "हा बघ, या मातीत, या उन्हात, काही न घालता कशा कळ्या धरल्यात. परवा मोजल्या मी. आणि हरीण तोंड लावत नाही याला, पैजेवर सांगते तुला, तोंड..."

कळ्या नव्हत्या. निळसर राखी गादी होती आणि तिच्यावर कापल्यासारखे तिरके, स्वच्छ देठ. हरणाने खाल्लं तर देठ फाटतात, दोरे निघतात. इतकं सफाईदार तिरकं काम करणारा वसाहतीत एकच.

तो थाइमच्या पलीकडे बसला होता. कान मागे, तोंड चालू.

"अहो!" काकू घराकडे वळून ओरडल्या. "अहो, जाळी आणा! गॅरेजमधली! ससा!"

काका आतून म्हणाले, "त्या बाजूला यायला मनाई आहे ना मला?"